हलाल तर आहे, पण तय्यब आहे का?

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक यादी फिरत येते. ई-१२०, ई-४४१, ई-४७१, ई-६३१. खाली लिहिलेलं असतं की हे नंबर ज्या पाकिटावर दिसतील ती वस्तू घरात आणू नका, जास्तीत जास्त मुसलमान भावंडांपर्यंत हा मेसेज पोहोचवा. यादीतलं काही खरं असतं, काही अर्धवट. १२० हा लाल रंग खरोखर किड्यापासून काढतात. ४७१ मात्र प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतो आणि वनस्पती तेलापासूनही. आपल्या देशात पाकिटावर हिरवं चिन्ह असेल तर त्यात प्राणिज चरबी नियमाने चालतच नाही. तरीही लोक वाचतात, तपासतात, विचारतात. यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. ज्या घरात आई बारीक अक्षरातला नंबर शोधते त्या घरात दीनची फिकीर आहे.

पण एक गोष्ट मला कायम खटकते. नंबर शोधणारी नजर ज्या ओळीवर थांबते, त्याच्या दोन-तीन ओळी वर 'साखर' लिहिलेलं असतं, 'रिफाइंड पामोलिन' लिहिलेलं असतं, 'मैदा' लिहिलेलं असतं. तिथे नजर थांबत नाही. ४७१ सापडला नाही की पाकीट पास. मग ते पाच वर्षांच्या पोराच्या हातात.

कुरआनमध्ये खाण्याविषयी बोलताना हलाल हा शब्द बऱ्याच ठिकाणी एकटा येत नाही. सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत, सूरह माइदाच्या ८८ व्या आयतीत, सूरह नहलच्या ११४ व्या आयतीत त्याच्या जोडीला तय्यब आहे. तय्यब म्हणजे पाक, चांगलं, निर्मळ. उलेमांनी त्याचे अर्थ वेगवेगळ्या अंगांनी सांगितले आहेत आणि मी काही आलिम नाही, त्यामुळे फतव्याच्या भाषेत बोलणार नाही. एवढंच म्हणतो की जोडीतला एक शब्द आपण घट्ट धरला आणि दुसरा मिंबरवरच्या बयानापुरता ठेवला.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या देशात रोजच्या पाकिटबंद पदार्थांवरून एकामागून एक वाद झाले. वेगवेगळे वाटत असले तरी त्यांचा धागा एकच आहे.

पहिला वाद एप्रिल २०२३ चा. समाजमाध्यमांवर 'फूड फार्मर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेवंत हिमतसिंगका याने बोर्नव्हिटाच्या डब्यावरची साखर वाचून दाखवली. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो देशभर पोहोचला होता. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने कंपनीला जाब विचारला. शंभर ग्रॅम पावडरमध्ये वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती, ती त्या वर्षाच्या शेवटी ३२.२ वर आणली गेली. म्हणजे आजही जवळजवळ एक तृतीयांश डबा साखर आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, स्पष्ट केलं की 'हेल्थ ड्रिंक' अशी कोणती वर्गवारी अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच. वाणिज्य मंत्रालयानेही ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली दाखवू नका असं कळवलं. आता विचार करा, किती पिढ्यांनी उंची वाढेल, ताकद येईल या भरवशावर ही पावडर दुधात ढवळली. ज्या नावावर भरवसा ठेवला त्याची कायद्यात व्याख्याच नव्हती.

त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या 'पब्लिक आय' या संस्थेचा सेरेलॅकविषयीचा अहवाल आला. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर, आणि त्याच कंपनीच्या युरोपातल्या तशाच बाळ-आहारात शून्य. कंपनीने सांगितलं की आम्ही भारतातले सगळे नियम पाळतो, साखर पाच वर्षांत तीस टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. पुढे बिनसाखरेचे प्रकारही बाजारात आणले. नियम पाळतो हे त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्या मते सगळ्यात चिंतेची गोष्ट तीच आहे. नियम मोडून काही झालेलं नव्हतं. सहा महिन्यांच्या बाळाच्या जिभेला गोडाची सवय लावणं आपल्याकडे नियमात बसत होतं.

तिसरा किस्सा ओआरएसचा, आणि तो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, ही गेल्या शतकातली मोठी वैद्यकीय देणगी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, सोबत ठरावीक प्रमाणात क्षार. साखर जास्त झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. असं असताना केमिस्टच्या दुकानात 'ओआरएस' ही अक्षरं नावात असलेली फळांच्या चवीची पेयं सर्रास विकली जात होती, ज्यात साखर या सूत्राच्या कितीतरी पट होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या बाईंनी याविरुद्ध आठ वर्षं एकटीने भांडण काढलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने आदेश काढला की सूत्रात न बसणाऱ्या कोणत्याही पेयाच्या नावात ओआरएस वापरायचं नाही. आठ वर्षं! तोवर किती आयांनी आपल्या हातांनी, बिस्मिल्लाह म्हणून, ते पेय आजारी लेकराच्या तोंडाला लावलं असेल.

आता कोणी म्हणेल की मग सगळंच पाकीट वाईट का? नाही. दूध पाश्चराइज करणं ही प्रक्रियाच आहे आणि तिने जीव वाचवले. मिठात आयोडीन घातल्याने गलगंड कमी झाला. फ्रोजन मटार, पाकिटातला आटा, दही, पनीर, यांच्या नावाने घाबरायचं काही कारण नाही. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये अन्नाची विभागणी त्यावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली यावरून करायला सुरुवात केली. त्यातला शेवटचा गट 'अल्ट्रा-प्रोसेस्ड', मराठीत अतिप्रक्रियायुक्त. ओळखायची सोपी खूण अशी की घटकांच्या यादीत अशा वस्तू दिसतात ज्या कोणाच्याही स्वयंपाकघरात नसतात: माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, चव वाढवणारे, वास देणारे, रंग. धान्य, तेल, साखर यांचे तुकडे करून पुन्हा जोडून बनवलेला माल. या वर्गवारीवर टीकाही आहे आणि ती रास्त आहे. गव्हाचा चांगला ब्रेड आणि कोला एकाच टोपलीत पडतात, ते पटत नाही.

पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीस माणसं महिनाभर संस्थेतच ठेवली. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं. दोन्ही ताटांमध्ये समोर वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच ठेवले आणि सांगितलं, हवं तेवढं खा. पाकिटाच्या जेवणावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. लोक तेच होते, भूक तीच होती. मऊ, पटकन गिळता येणारं, थांबावंसं न वाटणारं अन्न बनवलं की माणूस जास्त खातो. आपल्याकडे पोट भरण्याआधी हात आवरण्याची सुन्नत सांगतात. हा माल मुळात हात आवरू नये म्हणूनच तयार केलेला असतो. 'एकावर थांबून दाखवा' अशा अर्थाच्या जाहिराती आपण हसत हसत पाहिल्या आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आजवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात हृदयविकाराने मृत्यू, टाइप-२ मधुमेह यांच्यासह ३२ प्रकारच्या त्रासांशी अशा अन्नाचा संबंध दिसला. हे बहुतेक निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, कारण आणि परिणाम त्यातून शंभर टक्के सिद्ध होत नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. पण आपल्या देशाची हालत बघा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे. ज्या मोहल्ल्यात चांगल्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात तिथे या ओझ्याचं वजन जास्त असतं, हे सांगायला आकडा लागत नाही.

आता आपल्या दस्तरखानाकडे येऊ. इथे थोडं कडू बोलावं लागेल.

गाझावरचे हल्ले सुरू झाल्यानंतर आपल्या वस्त्यांमध्ये काही कोलांवर बहिष्कार पडला. भावना खरी होती, मी स्वतः त्यात आहे. पण बहुतेक घरांत झालं काय? एक बाटली गेली, दुसऱ्या कंपनीची आली. वलीम्याच्या पंगतीत तीच गर्दी, तोच फेस. २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, लेबल कोणतंही असो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, म्हणजे सहा छोटे चमचे. बिर्याणीबरोबरच्या एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला, आणि फिरनी अजून यायची आहे.

एप्रिल २०२५ मध्ये रामदेव यांनी 'शरबत जिहाद' हा शब्द काढला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना कडक शब्दांत सुनावलं आणि ते योग्यच झालं. १९०६ साली जुन्या दिल्लीत एका हकीमांनी सुरू केलेल्या शरबतावर असा गलिच्छ आरोप करणं ही निव्वळ नफरत होती. आपण सगळे रूह अफ्जाच्या बाजूने उभे राहिलो, स्टेटस ठेवले, बाटल्यांचे फोटो टाकले. राहायलाच हवं होतं. मात्र बाजू घेताना बाटली उलटी करून वाचायची राहून गेली. त्यातला मुख्य घटक साखरेचा पाक आहे. शरबत शत्रूने बदनाम केलं म्हणून ते मधुमेह असलेल्या अब्बांसाठी औषध होत नाही. रोजा सोडताना खजूर आणि पाणी यांची जी साधी सुन्नत आहे तिच्यात काहीच कमी नव्हतं. शरबत पोरांना अर्धा ग्लास, तेही कधीतरी, एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तीस दिवस, दोन-दोन ग्लास आणि वरून भज्यांनी.

आणखी एक नवं फॅड आलं आहे. शहरांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये डीप फ्रीजर घेऊन बसलेली दुकानं वाढली. चिकन नगेट्स, सॉसेज, सलामी, तयार कबाब, सगळ्यावर हलालचा शिक्का. नोकरी करणाऱ्या बायकांची सोय झाली, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्येच प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे खारवलेलं, धुरावलेलं, नायट्राइटसारखे पदार्थ घालून टिकवलेलं मांस, कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं. धोका तंबाखूइतका मोठा आहे असा याचा अर्थ नाही. पुरावा पक्का आहे एवढाच आहे. घरी कीमा आणून, आलं-लसूण वाटून केलेली कबाब यात येत नाहीत. सॉसेज आणि सलामी येतात. जबिहा योग्य झाला की नाही हे शिक्का सांगतो. नायट्राइटचं तो काही सांगत नाही, आणि आपण त्याला विचारतही नाही.

शिक्क्यावरून आठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यातीचा माल तेवढा वगळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे सिमेंट आणि लोखंडी सळ्यांनाही हलाल प्रमाणपत्र कशाला, असे प्रश्न सरकारी बाजूने केले गेले. टीव्हीवर महिनोन् महिने शिक्क्यावर भांडण चाललं. एका बाजूला शिक्का पुसायला निघालेले, दुसऱ्या बाजूला तो वाचवायला उभे राहिलेले आपण. पाकिटात आहे काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मधून निसटला, आणि बनवणारी कंपनी निवांत.

दोष फक्त खाणाऱ्यांवर ढकलणंही बरोबर नाही. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, कुठल्याही गल्लीतलं किराणा दुकान बघा. पुढे पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप आणि घरी मणी-टिकल्यांचं काम करणारी आई, यांच्याकडे सकाळी नाश्ता करायला वेळ नसतो. पोराच्या हातात पाच रुपये टेकवले की मदरसा-शाळा होईपर्यंत शांतता. त्याच पाच रुपयांत केळं मिळेलच असं नाही. महागाई वाढली की पाकिटाची किंमत तीच राहते आणि आतला माल कमी होतो, म्हणून ते कायम परवडतं असं वाटत राहतं. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. बिस्किटं आणि चॉकलेट १८ टक्क्यांवरून ५ वर आली, पाकिटातली शेव-फरसाण आणि इन्स्टंट नूडल्स १२ वरून ५ वर. गोड फेसाळ पेयांवर मात्र ४० टक्के. म्हणजे कोला वाईट हे सरकारला पटलं आहे, मलईच्या बिस्किटाबद्दल अजून पटायचं आहे. मध्यमवर्गाला दिलासा म्हणून बातम्या झाल्या. माझ्या गल्लीतला दुकानदार म्हणाला, "भाई, पाकीट पाच रुपयांचं पाचच राहिलं, पण विक्री कमी नाही झाली कधी."

नियम आहेत. २०२० च्या नियमावलीनुसार जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही शाळेसमोर सुट्टीच्या वेळी उभे राहा आणि ५० मीटर मोजून बघा. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. चांगली गोष्ट, पण आपली बहुतेक मुलं उर्दू आणि मराठी माध्यमाच्या शाळांत आहेत, तिथे सीबीएसईचा कागद पोहोचत नाही. हे काम अंजुमनच्या शाळांनी स्वतःहून करायला कोणाची परवानगी लागत नाही. एक फळा, बारा चमचे साखर भरलेली एक बाटली, बाजूला कोल्ड्रिंकचं नाव. खर्च शंभर रुपये.

खरी लढाई पाकिटाच्या पुढच्या बाजूची आहे. चिलीने २०१६ मध्ये 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असे काळे अष्टकोनी शिक्के पाकिटाच्या दर्शनी भागावर सक्तीचे केले, मेक्सिकोने २०२० मध्ये. निरक्षर आजीलाही काळा शिक्का समजतो. आपल्याकडे एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये तारे देण्याचा मसुदा काढला, अर्धा तारा ते पाच तारे. तारा म्हणजे बक्षीस, मग दोन तारे मिळालेलं फरसाणही बरंच वाटणार, ही टीका तेव्हाच झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तीन महिन्यांत शिफारसी द्या म्हणून सांगितलं, जुलैत आणखी तीन महिने वाढवून दिले. तोवर पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचणं एवढंच आपल्या हातात आहे. आपली माणसं तर त्यात आधीच तरबेज आहेत, ई-नंबर शोधून शोधून.

तर नजर कुठे टाकायची? घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिली तीन नावं बघा. 'आटा' नावाच्या बिस्किटात पहिलं नाव मैदा निघतं का, ब्राऊन ब्रेडचा ब्राऊनपणा गव्हाचा आहे की १५० नंबरच्या कॅरामल रंगाचा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा, मीठ निघतं. हजार मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, आणि दिवसाची मर्यादा पाच. 'एका वेळचं खाणं' म्हणून वीस-तीस ग्रॅमचा आकडा दिला असेल तर फसू नका, कोणतं पोर पाकिटातले चार तुकडे खाऊन बाकीचे ठेवतं? '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द तर पाणी मिसळून पुन्हा बनवलेल्या रसांवरून काढून टाकायला एफएसएसएआयने जून २०२४ मध्येच सांगितलं आहे.

एक विचार प्रमाणपत्र देणाऱ्या आपल्या संस्थांसाठीही. त्यांचे लोक कारखान्यात जातात, घटकांची पूर्ण यादी मागतात, कंपनीला ती द्यावी लागते. सामान्य ग्राहकाला मिळत नाही इतकी माहिती त्यांच्या टेबलावर असते. लहान मुलांना विकल्या जाणाऱ्या वस्तूत साखर किती आहे हा एक प्रश्न त्या अर्जात वाढवायला काय हरकत आहे? मला यावर एका मौलानांनी सांगितलं की हलाल-हरामची हद्द ठरलेली आहे, साखर हलाल आहे, तिला आम्ही नाही कसं म्हणणार. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण तंबाखूचंही असंच होतं. नुकसान कळत गेलं तसे अनेक उलेमांनी तिला मकरूह म्हटलं, काहींनी हरामच. साखरेला हराम म्हणा असं कोणी म्हणत नाहीये. शिक्का द्या, पण सोबत एक ओळ छापायला सांगा की हे पाकीट दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी नाही. मौलाना थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, लिहून द्या, कमिटीसमोर ठेवतो. लिहून दिलं आहे.